दहाच्या दहा

आप्पा कारखान्याच्या गेटवर वॉचमनला रोज दोन्ही पंजे दाखवायचे. आत जाताना, "दहा चालले बरं!" सुटताना, "दहाच्या दहा परत आले, भो!" नवखा माणूस हसायचा. प्रेसवर पत्र्याची झाकणं कापणारे हसत नसत. आप्पांच्या आधी त्या मशीनवर जो होता, तो आठच बोटं घेऊन गावी गेला होता.

आम्ही सिल्वासात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. खऱ्या कारखान्यातली खरी अडचण सोडवा, हे आमचं प्रोजेक्ट. आम्हा चौघांच्या वाट्याला हीच प्रेस आली. शेठ आमचे क्लायंट. क्लायंट खूश तर मार्क, असं सरांनी बजावलेलं. आम्ही दोन बटणं बसवायची ठरवली. दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येणार नाही, म्हणजे हात आत जायचा प्रश्नच नाही.

बटणांची उंची मी माझ्या उंचीवरून काढली होती. आप्पांनी खडूने ती खोडली. "आठ तास उभं राहिल्यावर माहे खांदे कुठं येतात ते पाह्य आधी." मग संध्याकाळी शिफ्ट सुटताना येऊन आम्ही पुन्हा माप घेतलं. पारोळ्याकडचा हा माणूस आम्हाला डब्यातली कळण्याची भाकरी बळेबळे खायला घालायचा आणि हटकून विचारायचा, "मार्क किती पडतील रे तुले?" आमच्या मार्कांची त्यांना आमच्या बापापेक्षा जास्त काळजी.

चाचणीला शेठ आले. "सरस छे! पण तातडीची ऑर्डर असली तर एका हाताने चालायला हवं. एक चावी बसवून द्या." चावी फिरवली की एकच बटण पुरे, दुसरा हात पत्रा सरकवायला मोकळा. सरांनी मान डोलावली. ड्रॉइंग माझ्याकडे होतं.

आप्पांनी मला बाजूला घेतलं. "चावी नको टाकू, भो. चावी राहील त्याच्या खिशात आन् हात राहील माहा मशीनमधी."

"आप्पा, क्लायंट शेठ आहेत," मी म्हणालो. काय अक्कल पाजळली!

"आन् मी कोन?"

मी ड्रॉइंग पुढे ओढलं. त्यात चावी काढली, सुबक काढली. आमचं प्रोजेक्ट पहिलं आलं. शेठसोबत फोटो निघाला, तेव्हा आप्पा मागे मशीन पुसत होते.

दिवाळीच्या ऑर्डरींत ती चावी एकदा फिरली ती फिरलीच. महिनाभर सगळा माल एका बटणावर निघाला. मग एके दुपारी आप्पांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली.

मी जवळच्या रांधा गावात त्यांच्या खोलीवर गेलो. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. गावी जायची पेटी बांधून तयार होती, दोन-चार सोबती बसले होते. आप्पांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि नेहमीसारखंच विचारलं, "मार्क किती पडले रे तुले?"

"शंभरपैकी ब्याण्णव."

त्यांनी पट्टी बांधलेला हात उजव्या पंजाशेजारी धरला. "माहे दहापैकी सात. म्हंजे मी बी पास ना रे?"

खोलीत सगळे हसले. मीही हसलो. लाज वाटते सांगायला, पण हसलो.