शालूच्या जाहिरातीवरची बातमी

अण्णा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी छापखान्यात त्यांच्याच साप्ताहिकाचं पान बांधत होतो. भोरच्या या चारपानी पत्राचे ते संपादक, मी भागीदार. प्रत्येक पानावर चार रकाने, आणि चारही खाली एका रेषेत संपले पाहिजेत, हा त्यांचा हट्ट. मजकूर कमी पडला की तिथे एखादी जाहिरात बसवायचे. "पान उघडं दिसता कामा नये हो!" मी या हट्टाची भरपूर टर उडवत असे...

एका पावसाळ्यात पासली गावची एक पोर भाताच्या खाचरात साप चावून गेली. चार ओळींची बातमी तिसऱ्या रकान्याच्या तळाशी आली, तरी खाली दोन बोटं जागा उरली. अण्णांनी तिथे लग्नाच्या शालूंची जाहिरात बसवली. पान झकास जमलं. अंक गावोगाव गेल्यावर त्यांनी ते पुन्हा पाहिलं आणि मला हाक मारली. "लग्नाची पोर होती हो ती..."

माफी मागायला ते पासलीला गेले. परतले ते जास्तच खजील होऊन. पोरीचे वडील, कोंडिबा, निरक्षर. विंझर गावच्या दुकानदाराने अंकातलं पोरीचं नाव तेवढं दाखवलेलं. अंक कपाळाला लावून ते अण्णांना म्हणाले होते, "खाली आनि काय लिवलंय माज्या सखूचं? वाचा की." अण्णांच्या तोंडून माफी फुटेना. शालूंवर बोट ठेवून त्यांनी मनाचंच काहीतरी वाचलं. काय वाचलं, ते मला कधी सांगितलं नाही. त्यानंतर मात्र मृत्यूच्या बातमीखालची जागा ते कोरीच सोडू लागले. आपल्याच पानाकडे त्यांना धड बघवत नसे.

गेल्या बाजाराला कोंडिबा छापखान्यात आले. अण्णा गेल्याचं मी त्यांना सांगितलं. मग धोतराच्या सोग्यातून तो जीर्ण अंक काढून माझ्यापुढे धरला.

"आण्णा दर साली वाचून दावायचं. आता तुमी वाचा."

बातमी मी वाचली. पुढे शालू, पैठण्या, वाजवी दर... माझी मान वर होईना. अण्णांनी वर्षानुवर्षं काय सोसलं, ते त्या क्षणी कळलं आणि केलेल्या थट्टेची लाज वाटली.

"दिसंना व्हय?" कोंडिबांनी जाहिरातीवर बोट टेकवलं. "हितं हाय बगा. सखू लई गुणाची व्हती. तिच्या माघारी समदी पासली रडली."

"हो," मी म्हणालो, आणि त्यांच्या बोटामागून तेच मोठ्याने वाचलं.