मधूचा आकडा कमी पडला

फोन सुमनचा होता, माझ्या भावजयीचा. "बाई, हे गेले," एवढंच बोलली. दारव्ह्याहून यवतमाळला जाणाऱ्या जीपमध्ये बसले तेव्हा मला रडू आलं नाही, राग आला. महिना उलटला, तो अजून आहे.

माझा धाकटा भाऊ मधू कॉलेजात शिकवायचा. कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे त्यांच्या वस्त्यांवर, जाऊन बसायचा, म्हाताऱ्यांना बोलतं करायचा आणि त्यांच्या बोलीवर लेख लिहायचा. कॉलेजातलं कोलामी बोलीचं केंद्र तो प्रोफेसर झाला तरच टिकणार होतं. बढतीच्या समितीनं विचारलं, तुमच्या लेखांचा दाखला जगात किती जणांनी दिला? सायटेशन म्हणतात त्याला. रसायनशास्त्रात देशोदेशीची माणसं एकमेकांचं वाचतात, लिहितात. कोलामीवर लिहिणारे जगात किती? पण मोजमाप एकच. कापसाच्या काट्यावर मेथीची जुडी ठेवली आणि म्हणाले, वजनच नाही.

त्याच्या एका सोबत्यानं वाट दाखवली होती, तुम्ही माझं नाव टाका, मी तुमचं टाकतो. मधूनं मला हे हसत सांगितलं.

"मंग टाक नं," मी म्हटलं. "लग्नात आहेर देतो, घेतो. तसंच हाय हे."

"बाई, त्याचं मी वाचलंच नाही. नाव कायले टाकू?"

"प्रोफेसर व्हाले!"

"तुले तं समितीतच बसवाले पाह्यजे," म्हणाला...

त्यानं नाव टाकलं नाही. प्रोफेसरकी गेली, पाठोपाठ केंद्राला कुलूप लागलं. त्यानंतर मधू पोडांवर गेला नाही. काय तोंड दाखवू, म्हणायचा.

शोकसभेत समितीचेच साहेब बोलले, "जागतिक तोडीचा संशोधक गेला." मी खालूनच विचारलं, "मंग तवा काहून नाही म्हटलं?" सुमननं माझा हात ओढला. माईक दुसऱ्याकडे गेला.

मधूला एक खोड होती. कोणताही शब्द सांगितला की तो कोणी दिला त्याचं नाव घ्यायचाच. जेवतानाही तेच. लोणचं बाईचं, चटणी पोडावरच्या भीमामायनं शिकवलेली... जेवण निवून जायचं, मी वैतागायची. तेरवीला पंगतीत वाढणारा पोरगा ठेचा घेऊन आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "कोणाच्या हातचा?"

"काय मालूम, आजी," म्हणाला, आणि पुढच्या पानावर वाढायला लागला.