धोंडीबाचं तुटणारं गाणं

"गाणं तुटलं म्हणून चिडू नये. तिकडं कुणीतरी ऐकाया बसलंय."

धोंडीबाचं हे बोलणं ढोकीच्या कारखान्यावर उसाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला पाठ होतं. हंगामात आमचे ट्रॅक्टर वजनकाट्यापासून पार रस्त्यापर्यंत लागायचे. प्रत्येकाचा स्पीकर वेगळा आणि प्रत्येकाचा गोंगाट वेगळा. धोंडीबाचा मात्र अभंग. तो वाजता वाजता मध्येच मुका व्हायचा. मग धोंडीबा मोबाईल पुढं धरायचा, वाचायचा आणि गालातल्या गालात हसायचा.

त्याची एकुलती एक लेक दीपमाला. आई लहानपणीच गेलेली, बापानंच वाढवलेली. कळंबला कॉलेजात होती तेव्हा तिनं बापाच्या मोबाईलवर गाण्यांचं ॲप घालून दिलं, स्वतःच्याच खात्यावर. त्या खात्याची रीत अशी, की एका वेळी एकाच मोबाईलवर गाणं वाजणार. तिनं लावलं की बापाचं थांबायचं, आणि ती काय ऐकतेय ते बापाच्या मोबाईलवर दिसायचं. घरात यावरनं दोघांची रोजची भांडणं.

पुढं तिनं कॉलेजातल्याच नंदीशशी लग्न केलं. पोरगा मुरूमकडचा, शिवपूजक घरातला, कामाला पुण्यात. पोरगा वाईट नव्हता, पण जात वेगळी म्हणून भावकी बसली. भावकीतले थोरले निवृत्तीतात्या. त्यांनी धोंडीबाला देवळात नेऊन शपथेचा बेलभंडारा उचलायला लावला. लेकीशी बोलणार नाही, तिचं तोंड बघणार नाही, तिच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. आणि शेवटी तात्या म्हणाले, "मोडलास तर तुझ्यावर न्हाय, तिच्यावर उलटंल." धोंडीबानं तेवढं शेवटचंच मनात धरलं. लेकीला हे कळलं, तेव्हा तिनंही बापाला कधी फोन केला नाही.

पण बेलभंडाऱ्यात गाण्याचं नाव नव्हतं.

लग्नानंतर काही दिवसांनी, पहाटेच्या पहिल्या खेपेला, धोंडीबाचा अभंग तुटला. मोबाईलवर जात्यावरच्या ओव्या दिसल्या, त्याची बायको म्हणायची तसल्या. त्यानं ट्रॅक्टर कडेला घेतला आणि ओव्या संपेपर्यंत उसासारखा गप उभा राहिला. मग स्वतःचा अभंग पुन्हा लावला. झालं, तिथनं त्यांचं बोलणं सुरू झालं. लेकीनं ओव्या लावल्या की तिला माहेर आठवलंय. सिनेमातलं उडतं गाणं लावलं की घरी सगळं बरं आहे. पुढच्या दिवाळीनंतर एकदा डोहाळ्याचं गाणं दिसलं आणि या गड्यानं रांगेतल्या सगळ्यांना चहा पाजला. कशाचा ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

भोगीच्या दिवशी दुपारी आम्ही रांगेतच होतो. धोंडीबाचं गाणं तुटलं. त्यानं थोडं थांबून लावलं, परत तुटलं. परत लावलं, परत तुटलं. तिकडं एकही गाणं पुरं होत नव्हतं, नुसतं चालू-बंद.

मागच्या ट्रॅक्टरवरनं युवराज ओरडला, "काका, मोबाईलला उचकी लागली काय? कुणी आठवण काढलीय बघा!"

"पोरगी खोड काढतीय," धोंडीबा हसला. "ल्हानपणी बी आसंच. म्या हातात घेतलं की हिसकावणार."

त्यानंतर गाणं तुटलं नाही.

अभंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालायचा. तो संपला की दुसरा, तोही पुरा. सलग वाजणारं गाणं इतकं वाईट वाटतं, हे मला तेव्हा कळलं. धोंडीबा स्टेअरिंगवर हात ठेवून मोबाईलकडं बघत बसायचा. पुढची रांग सरकली तरी त्याला कळायचं नाही.

युवराज एकदा जवळ जाऊन म्हणाला, "काका, एक फोन लावा. कोण बघतंय?"

"बेलभंडारा बघतोय. दिवस भरलेत तिचं. उलटला तर कुणावर उलटंल?"

"मग मी लावतो."

"तुझ्या तोंडनं म्याच बोलल्यागत व्हतंय. नगं."

संक्रांतीचे तीळगूळ संपून गेले, कडबा निघायला लागला. एका सकाळी धोंडीबा तात्यांचाच ऊस घेऊन आला होता. तात्या वजन बघायला स्वतः आलेले. अभंग चालू होता आणि तो तुटला.

धोंडीबानं मोबाईल वाचला. मग खाली उडीच मारली. "पाळणा! आरं पाळणा लागलाय! दीपी बाळंत झाली रं!"

तो धावत गेटावरच्या हॉटेलातनं पेढे घेऊन आला. एकेकाच्या हातात ठेवत निघाला. बेलभंडारा, भावकी, सगळं विसरला होता. तात्यांपुढं गेला, त्यांच्याही तळहातावर पेढा ठेवला आणि पाया पडायला वाकला.

तात्या म्हणाले, "धोंड्या, ऊठ. पाळणा तिनं न्हाय लावला."

"तिच्याच खात्यावर लागलाय, तात्या."

"नवऱ्यानं लावला आसंल. पोरगी झालीय, ती जगली. दीपी गेली. भोगीच्या दिशी दवाखान्यात झटकं आलं तिला. जावयानं मला फोन केलता."

"भोगीच्या दिशी?"

"तुला सांगितलं आसतं तर तू गेला आसतास. शपथ मोडली आसती."

धोंडीबा वाकलेलाच राहिला. मग म्हणाला, "ती हाका मारीत हुती. म्या हसलो."

युवराजला वाटलं, या शांततेपेक्षा अभंग बरा. त्यानं ट्रॅक्टरवर राहिलेल्या मोबाईलकडं हात नेला.

"हात लावू नगं!" धोंडीबा ओरडला. मग हळू म्हणाला, "इथं लावलं की तिकडं बंद पडतंय. बाळ झोपत आसंल."

त्यानं मोबाईल उचलून छातीशी धरला. ट्रॅक्टरची किल्ली तात्यांच्या पायाशी ठेवली. भरल्या दोन ट्रॉल्या तशाच सोडून तो एसटीच्या थांब्याकडं चालू लागला. पुण्याची गाडी तिथनंच लागते. त्यानं मागं पाहिलं नाही. चालताना मान खाली, नजर मोबाईलवर, पाळणा चालू आहे ना एवढंच बघत.

काट्यावरनं त्याचा नंबर पुकारला. मागं एवढी रांग, पण कुणी हॉर्न वाजवला नाही. स्पीकर बंद करून आम्ही सगळे बघत राहिलो. सगळ्यांच्या पुढं निवृत्तीतात्या उभे होते. हातातला पेढा त्यांना खाता येईना आणि टाकताही येईना.