दगडाखालचा डबा

डबा उघडला आणि वहीच्या पहिल्या पानावर मेलेल्या लेकीचं अक्षर दिसलं. "नाव लिहा. एक वस्तू घ्या, एक ठेवा. डबा होता तिथेच ठेवा." खाली परक्यांच्या सह्या.

माझी मीरा दर रविवारी टेकडीवर असले डबे लपवायचा-शोधायचा खेळ खेळायची. फोन जागा दाखवतो म्हणे. मी म्हणायचे, "तुझं हरवलंय तरी काय?" ती नुसती हसायची. मग तापात गेली.

सरपण गोळा करताना दगड हलला, म्हणून डबा सापडला. मी तो घरी आणला. पुढच्या रविवारी घरोघर विचारत एक मुलगी दारात आली.

"आजी, टेकडीवरचा डबा कुणी नेला?"

"मी. लेकीचा आहे."

तिने फोन पुढे केला. मग हळूच म्हणाली, "फोनवर जागा दिसतच राहते, आजी. माणसं येतात आणि रिकामा दगड बघून परत जातात."

मीराच्या रिकाम्या खाटेपाशी जाऊन रोज परत फिरणं मला ठाऊक होतं.

डबा जागेवर ठेवला. मीराने त्यात ठेवलेली केसांची पिन अजून कुणी नेली नव्हती, ती घेतली. माझी रिकामी चुन्याची डबी ठेवली. वहीत पहिलं नाव तिचं, शेवटचं माझं. ती गेली. मी आहे.