खो-खोच्या पोट्ट्या ध्यानाले बसल्या

खो-खो शिकवणाऱ्या बाईले किस्से शोधत फिरावं लागत नाही. संध्याकाळी घरी जाऊन कपडे झटकले, की मातीसोबत एखादा तरी खाली पडतोच. पण रायपूरच्या आमच्या मैदानावर ध्यान सुरू झालं आणि अरे बाप्पा, रोज नवा धक्का!

ध्यान आणलं ते भारतीपायी. बीरगांवची पोट्टी, पळण्यात एक नंबर, पण बसून राहणं जमेच ना. समोरून पळणारी गेली, की पाठीवर खो मिळायच्या आधीच ही उभी! फाउल! निवड करणाऱ्यांनी मले साफ सांगितलं, "ट्रायलमध्ये असा एक जरी फाउल झाला, तर नाव कट." राज्याच्या टीममध्ये जायचं, एवढंच तिचं स्वप्न. त्या दिवशी तिनं डबाही उघडला नाही.

*

लग्न होऊन पुण्याहून इकडे आलेल्या एक ध्यानवाल्या मॅडम भेटल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी पोट्ट्यांले ओळीनं बसायले सांगितलं. पोट्ट्या सवयीनं बसल्या, एक इकडे तोंड करून, एक तिकडे! मॅडम हळूच मागून आल्या, एकीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ताठ बस."

पोट्टी सुसाट सुटली! तिनं दुसरीले खो दिला, दुसरीनं तिसरीले... सारं ध्यान मैदानभर पळत होतं! मॅडम छातीवर हात ठेवून मटकन खाली बसल्या.

"अहो, मी फक्त पाठीला हात लावला!"

*

"श्वास आत येतो, बाहेर जातो. फक्त बघत राहायचं," मॅडम सांगत होत्या.

थोड्या वेळानं पाहते तर एक पोट्टी लालबुंद! मी घाबरली. "अगं, श्वास काहून घेत नाहीस?"

"दीदी, देखने के चक्कर में लेना भूल गई!"

*

एकीची आई सदर बाजारातून तणतणत थेट मैदानावर आली. "काय शिकवून राहिल्या तुम्ही? हिनं भाजी जाळली, मी ओरडली, तर म्हणते, 'मम्मी, तुम्हारा गुस्सा बादल है, आके चला जाएगा!'"

मी हबकलीच. "मंग तुम्ही काय केलं?"

"काय केलं? बादल बरसला!"

*

एकदा मीही बसली. डोळे उघडले तर समोर एकही पोट्टी नाही! मी गेटकडे धावली. साऱ्या गेटवरच्या ठेल्यावर तिखट गुपचुप, म्हणजे आपली पाणीपुरी, खाऊन राहिल्या होत्या.

"दीदी, तुम्ही इतक्या छान घोरून राहिल्या होत्या, उठवावंसंच नाही वाटलं."

*

मंग ट्रायलचा दिवस आला. भारती मधल्या चौकोनात बसलेली. समोरची पळणारी चिडवल्यासारखी तिच्या अगदी जवळून जाऊन राहिली. मी भारतीकडे पाहिलं. पोट्टीचे डोळे मिटलेले! चालू मॅचमध्ये!

"भारती, डोळे उघड!" मी किंचाळली. ही ढिम्म! निवड करणारे भैया एकमेकांकडे पाहायले लागले. पळणारीलेही वाटलं, ही झोपली. ती भारतीच्या पुढ्यातच दम खायले थांबली.

तेवढ्यात भारतीच्या पाठीवर थाप पडली, "खो!" डोळे उघडले आणि तिचा हात थेट पळणारीच्या खांद्यावर! आउट! पूर्ण मॅचमध्ये एक फाउल नाही. नाव पक्कं!

मॅडम रडतच धावल्या. "भारती, काय खोल ध्यान लागलं होतं गं तुझं!"

"ध्यान नाही हो मॅडम," भारती धापा टाकत म्हणाली. "समोरची दिसली असती, तर मी उठली असती."