माइकवरची मावशी

हल्ली बसस्थानकावर मशीन बोलतं. एकसुरी, कोमट आवाजात. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं, कारण तिथे एकतीस वर्षं माझी मावशी बोलायची.

काचेच्या एवढ्याशा खोलीत ती बसायची. समोर माइक, वेळापत्रक आणि पाण्याची बाटली. "फलाट क्रमांक चार" म्हणाली की शेवटचा 'र'सुद्धा स्वच्छ ऐकू यायचा. ती कधी ओरडली नाही. पण बाहेर कितीही गोंगाट असला तरी म्हातारी माणसं बिनचूक आपापल्या गाडीत चढायची. आई म्हणायची, "हिच्या तोंडातून शब्द इस्त्री करून निघतात."

याचं श्रेय काकांचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं. कापड गिरणीतल्या मागांच्या खडखडाटात लग्नाआधीच त्यांचे कान गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखायचे. रोज संध्याकाळी टेबलाशी बसून मावशी त्यांना दिवसभराच्या घोषणा म्हणून दाखवायची, तोंडातून आवाज न काढता. जरा घाई केली की काकांचं बोट वर. "शेवटचा शब्द खाल्लास!" स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्या माणसाचं ओरडणं ते, चार घरं पलीकडे जायचं. आम्ही भाचरं हसून लोळायचो. ती मात्र मुकाट्याने पुन्हा म्हणायची. किती छान संध्याकाळी होत्या त्या!

निवृत्तीच्या समारंभात मावशीला भाषण करायचं होतं. आठवडाभर तिचा एकच घोशा, "येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांनी मला ऐकलं, यांनी मात्र कधीच नाही. हे भाषण यांना कळलंच पाहिजे."

काका तिसऱ्या रांगेत बसले. मावशी बोलायला लागली आणि ते मान इकडून तिकडे वाकडी करू लागले. माइकने तिचं तोंडच झाकलं होतं. तिच्या ते लक्षात आलं. तिने माइक बाजूला सारला.

साहेब लगबगीने उठले. "बाई, मागे ऐकू जाणार नाही."

"जाईल," ती म्हणाली.

आणि गेलं. मी अगदी शेवटच्या रांगेत होते, माझ्यापर्यंत अक्षरन् अक्षर आलं. पहिल्याच दिवशी घाबरून एक गाडी भलत्याच फलाटावर बोलावली होती, तो किस्सा तिने सांगितला, तेव्हा काका सगळ्यांच्या आधी हसले.

शेवटी ती म्हणाली, "ज्यांनी मला बोलायला शिकवलं..." आणि तिचे ओठ थरथरले. पुढचं नुसतं पुटपुटणं झालं.

काका ताडकन उभे राहिले. "शेवटचा शब्द खाल्लास!"

सभागृहात हशा पिकला. मावशीने डोळे पुसले, त्यांच्याकडे तोंड केलं आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "ज्यांनी मला बोलायला शिकवलं, त्यांना माझा आवाज कसा आहे ते माहीत नाही."



काका अजून उभेच होते. "माहीत आहे," ते नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाले. "रोज बघतो की!"