तात्याबाचा बिनगोचिडाचा कळप

तात्याबा धनगराला आपल्या मेंढरांचा गर्व होता, आणि तो लपवून ठेवावा असं त्याला कधी वाटलं नाही. बाजारात कुणी भेटला की रामराम झाल्या झाल्या तो सांगायचा, "माझ्या कळपात एक गोचीड दावा, ह्या मिशा उतरून ठेवतो." मिशा अजून जागेवर होत्या. श्रेय मात्र त्याच्या बायकोचं, हरणाबाईचं. मावळतीला मेंढरं तळावर बसली की ती एकेकाचे कान उलटे करायची, शेपटीखाली, जांघेत बोटं फिरवायची आणि सापडेल तो गोचीड निखाऱ्यात टाकायची. लग्न होऊन आल्यापासून हे चाललं होतं. त्या वेळी तात्याबा शेजारी बसून चिलीम ओढायचा आणि कळपाची तारीफ करायचा.

कळपाचा मानकरी होता मोडशिंग्या. हा एडका कडेगावात टकरीला उतरला होता, डावं शिंग मोडून घेतलं होतं, तरी समोरच्याला लोळवून आला होता. तात्याबा आपल्या भाकरीतला पहिला तुकडा त्याला द्यायचा आणि मगच स्वतः जेवायचा. हरणाबाईला असा मान कधी मिळाला नव्हता.

विलायतेकडची मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं. एक दिवस गावच्या कोतवालानं तळावर वर्दी आणली की पुण्याकडनं एक डॉक्टरसाहेब येणार आणि मेंढरं बघणार. कशासाठी ते कोतवालाला ठाऊक नव्हतं, पण तसं कबूल करणं त्याच्या पदाला शोभलं नसतं. "नंबर काढणार हाईत," त्यानं ठोकून दिलं.

झालं. तात्याबानं अख्खा कळप ओढ्यात घालून धुतला. हरणाबाईनं बोटं दुखेपर्यंत कान तपासले. मोडशिंग्याच्या कपाळाला भंडारा लागला.

डॉक्टर आले ते खाकी अर्ध्या विजारीत, खांद्याला बाटल्यांची पेटी आणि काखेत घडीची खुर्ची घेऊन. ह्या माणसाची एक खोड होती. माणसांशी बोलतानाही तो मेंढरांकडेच बघायचा. तात्याबानं रामराम घातला, त्याचं उत्तर मोडशिंग्याला मिळालं.

"गोचीड नाहीत?" बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी मोडक्या शिंगाला विचारलं.

"औशदाला न्हाई," तात्याबा छाती काढून म्हणाला.

डॉक्टरांचं तोंड उतरलं. जनावरांचा ताप गोचीडच एकाकडनं दुसऱ्याकडं नेतात असा आमचा कयास आहे, त्यांनी समजावलं, आणि तो तपासायचा तर गोचीड हवेत. तात्याबाला हसू आवरेना. एवढासा किडा, स्वतःचं पोट त्याला उचलत नाही, तो ताप काय वाहून नेणार? डॉक्टर पेटी उचलून ओढ्यापलीकडं नानासोच्या तळावर गेले.

नानासो हा हरणाबाईचा भाऊ. त्याच्या मेंढरांत आणि मळक्या घोंगड्यात फरक एवढाच की घोंगडं खोकत नसे. पण डॉक्टरांना तिथं खजिना गवसला. बाटल्या भरल्या. खूश होऊन त्यांनी घडीची खुर्ची उलगडली, नानासोला तीत बसवलं, चहा पाजला आणि प्रत्येक बाटलीवर त्याच्या नावाची चिठ्ठी डकवली. गाव गोळा झालं होतं. साहेबाच्या खुर्चीवर बसलेला धनगर त्या मुलखानं पहिल्यांदाच पाहिला.

"दाजी, माझं नाव पुन्याला चाललंया," नानासोनं खुर्चीतूनच हाक दिली.

तात्याबाच्या अंगाचा तिळपापड झाला. निगा राखली आपण, आणि खुर्ची मिळाली त्या घाणेरड्याला. घरी येताच त्यानं हरणाबाईला फर्मावलं, "आजपास्नं गोचीड काढायचं न्हाईत. सरकारला लागत्यात."

"सरकारला लागत्यात तर सरकारच्या अंगावर वाडू द्यात की," ती म्हणाली. तात्याबानं निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

पण कळप इतका स्वच्छ होता की गोचीड काही लवकर येईनात. शेवटी मान खाली घालून तात्याबा ओढा ओलांडून मेव्हण्याकडं गेला. "भनीच्या घरी रिकाम्या हातानं कसं धाडू तुमास्नी?" म्हणत नानासोनं तंबाखूच्या डबीत बारकेमोठे गोचीड भरून दिले. तात्याबानं ते मोडशिंग्याच्या कानात सोडले, कारण साहेब पहिल्यांदा तिथंच बघणार होते. पाऊसकाळ सरेपर्यंत कळप भरून गेला. तात्याबा रोज कान उलटे करून बघायचा आणि खुशीत यायचा. बाजारात मिशांची गोष्ट काढणं मात्र त्यानं बंद केलं.

मग मोडशिंग्या चरेना. अंग तव्यासारखं तापलं, मूत लाल होऊ लागलं. तात्याबानं भाकरीचा तुकडा तोंडापाशी धरला, तर त्यानं तो हुंगलासुद्धा नाही. तो गेला तेव्हा तात्याबा पोर गेल्यासारखा रडला. डबी आपणच उघडली हे त्याला ठाऊक होतं, आणि हरणाबाईलाही. तिनं पुन्हा निखारे पेटवले, पण आता एका बाईच्या बोटांना ते काम आवरत नव्हतं.

दिवाळीनंतर डॉक्टर परत आले. नानासोच्या तळाकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ तात्याबाच्या तळावर आले आणि आल्या आल्या खुर्ची उलगडून ठेवली. तात्याबानं बसण्यासाठी धोतर झटकलं. डॉक्टरांनी एका मेंढीचा कान उलटा केला आणि ते मागं सरले.

"हा तो कळप नव्हे. कोतवालानं भलताच तळ दाखवला," ते मेंढीला म्हणाले. "गोचिडांचे कळप काय, गावोगाव पडलेत. सबंध मुलखात बिनगोचिडाचा एकच सापडला, तात्याबा म्हणून होते त्यांचा. आणि त्यात तापाचं नाव नव्हतं. दोन्ही ताडून बघितल्याशिवाय आमचं संशोधन पुढं जात नाही. ते कशी निगा ठेवतात ते शिकायला आलोय, त्यांच्यासाठी ही खुर्चीही आणलीय. मोडक्या शिंगाचा एडका होता त्यांचा, त्यावरनं ओळखलं असतं. तो इथं दिसत नाही."

मग डॉक्टरांनी पहिल्यांदाच मान वर करून माणसाकडं पाहिलं. "तुम्ही ओळखता त्यांना?"

तात्याबाचा हात मिशीकडं गेला आणि वाटेतच थांबला. "व्हय जी," तो म्हणाला. "त्यो ग्येला. कोकणात उतरला."

"माणूस कसा होता?"

हरणाबाईनं हातातला गोचीड निखाऱ्यात टाकला. "लय गुनाचा हुता, सायेब," ती म्हणाली. "पर खुर्चीच्या नादानं ग्येला."

डॉक्टरांना त्यातलं काही उमगलं नाही. त्यांनी खुर्ची मिटून काखेत मारली आणि कोकणची वाट विचारली. ती तात्याबानंच दाखवली.